गाडी मालकाची, हवा कोणाची?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘डिझेल ट्रकवरील उत्प्रेरक काढून टाकणे आणि कायदा’ असा विषय सांगितला. त्यांच्या मुद्रेवर क्षणभर निराशा उमटली. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास आणि संगीत यांवर बोलले जाते, तेथे हा तेलकट आणि काजळीने माखलेला विषय कसा शोभावा, असे त्यांना वाटले असल्यास त्यांत त्यांचा दोष नाही. पण व्याख्यान संपवून आपण सभागृहाबाहेर पडू, तेव्हा पहिला श्वास घेऊ तो याच विषयाचा असेल. म्हणून आम्ही धीर करून उभे राहिलो आहोत.

हा विषय आम्हांला सुचला तो पुस्तकातून नव्हे. काही महिन्यांपूर्वी एक ट्रकमालक आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. दोन गाड्या, त्याही बँकेच्या कर्जावर. त्यांपैकी नवी गाडी भाजीपाला भरून जात असता ऐन घाटात तिचा जोर गेला. समोर दिवा लागला, गाडी रखडत रखडत चालू लागली, खेप दोन दिवस अडकली आणि माल कुजला. दुरुस्तीला नेली तर धुराड्याकडील सगळा संच बदलावा लागेल असे सांगण्यात आले, आणि खर्चाचा आकडा असा की चार-पाच महिन्यांची कमाई त्यात बुडावी. इतक्यात नाक्यावरचा एक मिस्त्री त्यांना म्हणाला, “शेठ, हे सगळं काढून टाकू. साधा पाइप बसवू. सगळं ठीक आहे असं गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारी एक डबी लावू. युरिया भरायला नको, की दिवा लागायला नको.” गृहस्थ आम्हांला विचारू लागले, “वकीलसाहेब, गाडी माझी, कर्ज माझं, हप्ते मी भरतो. मग माझ्याच गाडीचं एक भांडं मी काढलं, तर त्यात गुन्हा कसला?”

प्रश्न रोखठोक होता. त्याचे उत्तरही एका शब्दात देता आले असते: गुन्हा आहे. पण अशा उत्तराने माणूस गप्प होतो, त्याचे समाधान होत नाही. आणि जो कायदा लोकांना पटलेला नाही, तो पोलिसाची पाठ फिरली की मोडला जातो. म्हणून हे ‘भांडे’ म्हणजे काय, ते तेथे कोणी आणि का बसविले, आणि ते काढण्यास मनाई करण्याचा अधिकार समाजाला कोठून आला, हे क्रमाने पाहू.

शाळेत आपण उत्प्रेरक हा शब्द शिकलो. लग्न जमविणारा मध्यस्थ दोन्ही घरे जुळवून देतो, आणि स्वतः मात्र होता तसाच राहून पुढच्या लग्नाला निघतो; रसायनांच्या संसारात उत्प्रेरकाचे काम तेच. डिझेलच्या गाडीत असे एकच भांडे नसून साधारणपणे तीन असतात. पहिल्यात प्लॅटिनम आणि पॅलेडियम या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म लेप असतो. तेथे विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे दहन पुरे होते. दुसरे भांडे म्हणजे काजळीची गाळणी. मधाच्या पोळ्यासारख्या तिच्या नळ्या एकाआड एक बंद केलेल्या असतात, म्हणून धुराला भिंतीतून झिरपून जावे लागते आणि काजळी मागे राहते. ही साठलेली काजळी अधूनमधून उच्च तापमानावर आतल्या आत जाळावी लागते. तिसऱ्या भांड्यात युरियाच्या द्रावणाचा फवारा उडतो. या द्रावणात शेकडा साडेबत्तीस भाग शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असते. उष्णतेने त्याचा अमोनिया बनतो, आणि तो उत्प्रेरकाच्या साहाय्याने नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचे रूपांतर साध्या नायट्रोजन वायूत आणि पाण्यात करतो.

या तिसऱ्या भांड्याची गरज का पडते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. डिझेल इंजिनात जितके तापमान जास्त तितके दहन चांगले, काजळी कमी आणि मायलेज अधिक. पण तितकेच नायट्रोजनचे ऑक्साइडही जास्त. तापमान उतरवावे तर ऑक्साइड कमी होतात, पण काजळी वाढते आणि डिझेल अधिक लागते. नव्या इंजिनाची रचना करणाऱ्यांनी ही ओढाताण सोडविली ती या भांड्यांच्या भरवशावर. इंजिनाने गरम जळावे, मायलेज द्यावे, आणि मागाहून निघणारे विष शेपटीकडे निस्तरावे. याचा अर्थ असा, की ती भांडी काढलेली नवी गाडी नुसती जुन्या गाडीसारखी होत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांपुरते बोलायचे तर ती जुनीहूनही वाईट ठरू शकते. मिस्त्रीने आमच्या गृहस्थांना हे सांगितले नव्हते.

आता हे सारे सुरू कोठे झाले ते पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर एक विचित्र धुरके पसरू लागले. डोळे चुरचुरत, छाती भरून येई. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास त्याचे मूळ शोधून काढले. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरणातून निघणारी न जळलेली इंधनवाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर ऊन पडले, की हवेतच ओझोन तयार होतो. म्हणजे शत्रू बाहेरून आलेला नव्हता. नागरिक रोज सकाळी आपल्या गाड्या सुरू करून त्याला घडवीत होते. त्याच सुमारास अमेरिकेत स्थायिक झालेला फ्रेंच अभियंता यूजीन हूद्री याने मोटारीच्या धुरासाठी उत्प्रेरक भांडे तयार केले. १९५६ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे घालीत, आणि शिशाने उत्प्रेरक निकामी होई. युक्ती हाती होती, पण तिच्यासाठी कोणी खर्च करीना; कारण ज्याच्या गाडीतून धूर निघतो त्याला त्याची किंमत मोजावी लागत नव्हती. ती किंमत शेजारी मोजत होता. अशा ठिकाणी सद्‌बुद्धीची वाट पाहत बसणे व्यर्थ असते. कायदाच लागतो.

तो कायदा १९७० सालच्या अखेरीस अमेरिकेत झाला, आणि १९७५च्या सुमारास तेथील नव्या मोटारींवर उत्प्रेरक सर्रास दिसू लागला. आमच्या विषयाशी संबंध आहे तो या कायद्याच्या २०३ व्या कलमाशी. या कलमाची वाढ मोठी बोधप्रद आहे. प्रारंभी गाडी ग्राहकाच्या हाती गेल्यानंतर तिचे प्रदूषणरोधक साधन काढण्यास बंदी होती ती केवळ कारखानदार आणि विक्रेते यांना. १९७७ मध्ये गाड्या दुरुस्त करणारे धंदेवाईक आणि गाड्यांचे ताफे चालविणारे यांनाही ती लागू झाली. आणि १९९० मध्ये कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ आली. त्या दिवसापासून मालकाने स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पान्याने, स्वतःच्या ट्रकचे भांडे उतरविले तरी तो कायदेभंग झाला. शिवाय ज्या वस्तूचा मुख्य उपयोग हे साधन निकामी करण्याचाच आहे, अशी वस्तू बनविणे, विकणे आणि बसविणे यांवरही बंदी आली.

श्रोतेहो, वीस वर्षांत बंदीचे वर्तुळ कारखान्यापासून अंगणापर्यंत का वाढले? कारण धुराला मालकीहक्क कळत नाही. कारखान्यातून गाडी निर्दोष बाहेर पडली आणि पुढच्या चौकात तिचे भांडे उतरले, तर कारखानदारावरील बंधन निरर्थक होते. तथापि या कायद्याने एक वाट मोकळी ठेवली आहे, ती ध्यानात ठेवा: दुरुस्तीसाठी किंवा बदलण्यासाठी भांडे उतरवता येते, मात्र काम झाल्यावर गाडीत चालते साधन असले पाहिजे. बंदी पान्याला नाही, रिकाम्या पाइपाला आहे.

कायदा झाला म्हणून सारे सुतासारखे सरळ झाले असे मात्र नाही. अमेरिकेत ही भांडी काढण्याचा आणि गाडीच्या कॉम्प्युटरला खोटे शिकविण्याचा मोठा धंदाच उभा राहिला. विक्रेते वस्तूवर ‘केवळ शर्यतीसाठी’ अशी पाटी लावीत आणि तीच वस्तू रोजच्या रस्त्यावरच्या गाड्यांना विकीत. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, अशा पाट्यांना भीक घातली नाही. या संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या अहवालाचा अंदाज असा, की सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची साधने काढली किंवा निकामी केली गेली. या गाड्यांच्या आयुष्यात त्यामुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे ५ लाख ७० हजार टन इतके जादा विष हवेत जाईल. रस्त्यावर नियमाप्रमाणे चालणारे ९० लाख ट्रक नव्याने आणून सोडले असता जे होईल, ते या साडेपाच लाखांनी केले. एक माणूस म्हणतो, माझ्या एका गाडीने काय होणार? त्याचे हे उत्तर आहे.

इतके ऐकल्यावर ट्रकवाल्यावर दात-ओठ खाणे सोपे आहे. पण न्यायाची तागडी हाती घ्यायची तर दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. १९९८ मध्ये अमेरिकेत जड डिझेल इंजिने बनविणाऱ्या सात मोठ्या कंपन्यांशी सरकारने तडजोड केली. सरकारचा आरोप असा होता, की सुमारे १३ लाख इंजिनांत अशी योजना होती की ती परीक्षेत स्वच्छ चालावीत आणि महामार्गावर मात्र मोकळी सुटावीत. २०१५ मध्ये फोक्सवॅगनची तीच लबाडी उघडकीस आली. जगभरच्या १ कोटी १० लाख मोटारींत ते सॉफ्टवेअर होते. आणि २०२४च्या जानेवारीत कमिन्स या इंजिन कंपनीने पिकअप ट्रकांच्या इंजिनांबाबत १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. तेथील स्वच्छ हवेच्या कायद्याखालील तो तोपर्यंतचा सर्वांत मोठा दिवाणी दंड होय. १९९८च्या त्या सात कंपन्यांतही तिचे नाव होते. म्हणजे नाक्यावरचा मिस्त्री जी डबी लावतो, तीच मोठ्या कारखान्यांतून वातानुकूलित खोल्यांत बसून लावली गेली! अशा वेळी लहान माणूस विचारतो, कायदा फक्त आमच्यासाठीच का? या दंडांनी त्याचे उत्तर दिले आहे की कायदा दोघांसाठी आहे; पण ते उत्तर पुष्कळ वर्षांनी मिळाले, हेही खरे.

ट्रकवाल्याचे दुसरे गाऱ्हाणे भर रस्त्यात जोर जाण्याचे. युरियाचे द्रावण संपले किंवा एखादा संवेदक बिघडला, की गाडी स्वतःहून मंदावते. ती तशी मुद्दाम बांधलेली असते, कारण एरवी कोणी द्रावण भरलेच नसते. पण द्रावण शिल्लक असताना केवळ संवेदकाच्या चुकीने शेतकऱ्याचा आणि मालवाहूचा खोळंबा व्हावा, हा अन्याय आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये ईपीएनेच ही शिक्षा सौम्य करण्याविषयी कारखानदारांना मार्गदर्शन केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, ट्रकांची ही यंत्रणा निकामी केल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या एका मेकॅनिकला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी माफीही दिली. यावर ‘आता सारे कायदेशीर झाले’ असा बोभाटा झाला, म्हणून वकील या नात्याने सांगणे आवश्यक आहे. माफीने एका माणसाची शिक्षा जाते, कलम जात नाही. खटले किती भरायचे, याचे धोरण सरकारागणिक बदलते. पण बेकायदा गोष्ट कायदेशीर होण्यासाठी कायदाच बदलावा लागतो.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मान लागू झाले. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच निक्षून सांगितले होते, की त्या तारखेनंतर जुन्या मानाची नवी गाडी विकली जाणार नाही. जड डिझेल इंजिनाला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा पूर्वी दर युनिट कामामागे साडेतीन ग्रॅम होती, ती अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० होते, ते १० वर आले. ही उडी उत्प्रेरकांच्या बळावर मारलेली आहे.

मग आपल्या कायद्यात भांडे काढणे गुन्हा आहे काय? आपल्या मोटार वाहन अधिनियमात अमेरिकेसारखे नेमके उत्प्रेरकासाठी लिहिलेले कलम शोधू गेल्यास सापडणार नाही. पण त्याच ठिकाणी पोचणारे तीन दरवाजे आहेत. पहिला १९८८च्या अधिनियमाच्या ५२ व्या कलमाचा. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा फेरफार मालकाने करता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत केरळातील एका प्रकरणी हे कलम कडक अर्थाने वाचले आहे. गाडी ज्या मानाची म्हणून नोंदली गेली, ते मान ज्या साधनाने पाळले जाते तेच साधन काढले, तर नोंदणीपत्र खोटे पडते, असे आमचे वाचन आहे. दुसरा दरवाजा २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमाचा. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तिसरा १९० व्या कलमाचा. हवेच्या प्रदूषणाची मर्यादा ओलांडणारी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणल्यास पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्स बंद.

दरवाजे मजबूत आहेत. पण भिंतीला भोक आहे. डिझेल गाडीची जी पीयूसी चाचणी आपण इतकी वर्षे पाहत आलो, तीत गाडी उभी करून ॲक्सिलरेटर दाबतात आणि धुराचा काळेपणा तेवढा मोजतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना काळेपणा नसतो. म्हणून युरियाची यंत्रणा मेलेली गाडी ही चाचणी निर्वेधपणे उतरू शकते आणि काचेवर प्रमाणपत्र मिरवू शकते. ज्या चोरीची मोजणीच होत नाही, ती चोरी करणाऱ्याला कैदेचे भय घालण्यात फारसा अर्थ उरत नाही. दंडाचे आकडे वाढविण्यापेक्षा, भांडी जागेवर आहेत काय आणि गाडीच्या कॉम्प्युटरची स्मृती काय सांगते, हे फिटनेसच्या वेळी नीट पाहण्याची मागणी तुम्ही-आम्ही केली पाहिजे. आणि तिच्याच जोडीने दुसरी मागणी: महामार्गावर शुद्ध द्रावण मिळावे, प्रामाणिक निदान करणारा जाणता कारागीर मिळावा, आणि सुट्या भागाचे काम असता सगळा संच माथी मारला जाऊ नये. २०२१ मध्ये चीनने युरियाची निर्यात आवळली, तेव्हा दक्षिण कोरियातील ट्रकवाले द्रावणासाठी पंपापंपावर रांगा लावून उभे होते आणि सरकारला विक्रीवर मापे घालावी लागली. समाज जेव्हा एखाद्या धंद्यावर बंधन घालतो, तेव्हा ते पाळण्याची सोय करण्याचे कर्जही तो अंगावर घेतो, हे त्या प्रसंगाने शिकविले.

डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. हा धूर सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक कोणाच्या छातीत जातो? सभागृहात बसलेल्या आपल्या नव्हे. जातो तो गाडी सुरू ठेवून ओट्यावर झोपणाऱ्या क्लीनरच्या, नाक्यावर पंक्चर काढणाऱ्या पोराच्या, आणि खुद्द ड्रायव्हरच्या. भांडे काढणारा परक्याचे नव्हे, आपल्याच माणसांचे आयुष्य पाइपावाटे सोडतो.

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांना आम्ही हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि शेवटी विचारले, “ते पटलं. पण मग गाडीचं काय?” हा त्यांचा प्रश्न आमच्या सर्व कलमांपेक्षा वजनदार होता. आम्ही त्यांना विचारले, द्रावण कोठून भरले होते? ते थोडे ओशाळले. ढाब्यापाशी निम्म्या भावात कॅनमधून मिळाले, ते भरले होते म्हणे. शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून असा माल विकतात. पाण्यातील क्षार आणि युरियाचे खडे फवाऱ्याच्या तोंडाशी घट्ट बसतात. मग दुसऱ्या एका जाणत्या कारागिराकडे गाडी नेली. त्याने टाकी धुतली, फवाऱ्याचे तोंड बदलले, काजळीची गाळणी उतरवून भट्टीत भाजून हवेने साफ केली आणि पुन्हा जागेवर बसविली. पहिल्याने सांगितलेल्या खर्चाच्या मानाने पुष्कळच कमी पैशात गाडी रस्त्यावर आली. भांडे उतरले होते, पण परत चढले. कायद्याला हरकत नव्हती.

त्यांचा मूळ प्रश्न मात्र आम्ही आपणा सर्वांपुढे ठेवतो. गाडी त्यांची, कर्ज त्यांचे, हप्ते त्यांचे, हे निर्विवाद आहे. नोंदणीपत्रावर गाडीच्या मालकाचे नाव असते. हवेच्या मालकाचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. ज्या वस्तूला मालक नाही ती कोणीही लुटावी, असे मानणारा समाज फार दिवस टिकत नाही. ती सर्वांची आहे असे मानून तिच्या राखणीचा भार कारखानदार, सरकार, मिस्त्री आणि मालक यांनी आपापल्या बळाप्रमाणे उचलावा, यासाठी कायदा असतो. ट्रकवाल्याने आपला भार उचलावा, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण बाकीच्या तिघांनी आपला उचलला आहे काय, हे विचारण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.